निमसे बाई आणि सात नंबरचे बूट

परवा नगरला सायकलच्या एका मोठ्या दुकानात गेले आणि भांडूनच बाहेर आले. भाच्याला ते पेडलमध्ये अडकणारे बूट हवे होते. काउंटरवरच्या माणसानं आधी माझी चप्पल बघितली, मग पिशवी बघितली आणि विचारलं, "बजेट काय आहे मॅडम?" मी सांगितलं. तो असा हसला की जणू मी सोन्याच्या पेढीत जाऊन खिळे मागितले. म्हणाला, "यात घेऊच नका. पैसे पाण्यात जातील. कार्बनच्या तळव्याचा घ्या, नाहीतर साधे कॅनव्हासचे वापरा."

माझं डोकं सटकलं. मी मांडणीवरचा सगळ्यात स्वस्त जोड उचलला, टाच एका हातात आणि चवडा दुसऱ्या हातात धरून वाकवायला बघितला. वाकला नाही. उलटा करून तळव्याची भोकं मोजली. तीन. आतली गादी बाहेर ओढली, फरशीवर ठेवली आणि भाच्याला म्हटलं, "राहा उभा यावर." पाय गादीच्या बाहेर कुठंच येत नव्हता, अंगठ्यापुढं बोटभर जागा उरत होती. तो माणूस आता हसायचा थांबला होता. "तुम्ही रायडिंग करता का मॅडम?"

"नाही. मी भूगोल शिकवते. आमच्या निमसे बाई करायच्या."

आणि मग बाईंचं नाव तोंडातून निघालं म्हटल्यावर मला राहवलं नाही. पाव तास मी त्याला फैलावर घेतलं. भाचा लाजून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

बाई जाऊन दीड वर्ष होईल. त्यांच्यावर काही लिहावं म्हणून बसले की आधी रागच येतो. त्यांच्यावर नाही, बाकी सगळ्यांवर. त्यात मीही आले, ते पुढं सांगते.

देवळाली प्रवराजवळच्या आमच्या शाळेत निमसे बाई खेळाच्या शिक्षिका होत्या. उंच, हाडापेरानं रुंद, आवाज असा की कारखान्याच्या भोंग्याला पोरी 'बाईंचा भाऊ' म्हणायच्या. आम्ही सगळ्या साडीत, बाई एकट्या पंजाबी ड्रेसमध्ये. त्यावरूनही एका संचालकांनी कधीकाळी बोलून बघितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "मी साडी नेसते साहेब, तुम्ही धोतर नेसा आणि मैदानाला दोन चकरा मारून दाखवा." तो विषय परत निघाला नाही.

त्या खुर्चीवर बसलेल्या मला आठवत नाहीत. स्टाफरूममध्ये आल्या तरी खिडकीला टेकून उभ्या. चहा बशीत ओतून, दोन घोटांत संपवून बाहेर. कौतुक करणं त्यांना जमायचंच नाही. पोरगी जिल्ह्यात पहिली आली तरी "बरं" एवढंच. आणि चुकली तर मात्र अर्धा तास. पण त्यांचा खरा जाळ पोरींसाठी नसायचा. तो असायचा खेळाचा तास गणिताला देणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी. "पी.टी.चा तास म्हणजे काय वाटेवरची बोरं आहेत का हो सर, येणाऱ्या-जाणाऱ्यानं झोडपायला?" मुख्याध्यापक रजिस्टरमध्ये मान घालायचे.

बाईंनी शाळेत सायकलचा संघ उभा केला होता. संघ म्हणजे पाच पोरी आणि तीन सायकली. सकाळी साडेपाचला कालव्याच्या रस्त्यानं निघायचं आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत परत यायचं. बाई स्वतः मागून, आपल्या जुन्या उंच सायकलवर. सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा त्या पोरींच्या मागे दहा हातांपेक्षा जास्त राहात नसत. चाळीस वर्षांत आपण सायकलवरून पडलो नाही, हे त्या ओळख झालेल्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या.

पायांबद्दल त्यांचं एक वेडच होतं. संध्याकाळी पाच वाजता, शाळा सुटल्यावर, पोरींना व्हरांड्यात उभं करायच्या. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे मागचे कागद जमिनीवर पसरायच्या आणि पेन्सिलीनं प्रत्येकीच्या पायाभोवती रेघ काढायच्या. संध्याकाळीच का? तर दिवसभर पाय फुगतो. "सकाळी मोजलेला पाय खोटं बोलतो," असं म्हणायच्या. कागदावर नाव, डावा-उजवा, रुंदी, अंगठा मोठा की शेजारचं बोट मोठं, सगळी नोंद. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात ती फाईल लागली. साहेबांनी विचारलं, "हे काय?" मुख्याध्यापक गडबडले आणि म्हणाले, "हस्तकला, साहेब." बाई मागेच उभ्या होत्या. "पाय आहेत ते. तुमच्या मागच्या कपाटात जे कप आहेत ना, ते या पायांनी आणलेत." साहेब हसले, पण मुख्याध्यापक आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या फाईलमधला एक पाय बाईंच्या पायाइतकाच मोठा होता. सोनालीचा. अकरावीतली पोर, काळीसावळी, अबोल. आईवडील मूळचे पाथर्डीकडचे, ऊसतोडीला आले आणि इथंच राहिले. वडील कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचे, आई कांताबाई एका रोपवाटिकेत कामाला. पोरीच्या पायात ताकद अशी की चढाला बाकीच्या धापा टाकायला लागल्या की ही पुढं निघून वर थांबून राहायची. तेव्हा मुलींच्या निवासी क्रीडा केंद्राची निवड चाचणी महिन्यावर आली होती. निवड झाली तर राहणं, खाणं, शिक्षण, सायकल, सगळं तिकडून. वयाच्या अटीनं सोनालीचं हे शेवटचं वर्ष. आणि कांताबाईंनी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, "औंदा झालं तर झालं बाई. न्हाईतर सायकल बंद. वयात आलेली पोर किती दिस रस्त्यानं फिरवायची? लोक मला बोलत्यात, तुमाला न्हाई."

चाचणीला बाकीच्या पोरी अडकणारे बूट घालून येणार, हे बाईंना ठाऊक होतं. पाय पेडलला धरून राहिला की खाली दाबतानाही जोर लागतो आणि वर घेतानाही पाय निसटत नाही. एका जुन्या खेळाडूकडून त्यांनी वापरलेली पेडल मिळवली होती. आता बूट. संस्थेकडे मागितले तर उत्तर आलं की 'सदर बाब क्रीडासाहित्यात मोडत नाही.' सायकलचे बूट क्रीडासाहित्य नाही म्हणे! मग काय, देवपूजेचं साहित्य? बाईंनी ते पत्र चार घड्या करून लंगडणाऱ्या टेबलाखाली सारलं आणि स्वतःच बूट घ्यायचे ठरवले. शनिवारी सकाळची शाळा, दुपार मोकळी. मला म्हणाल्या, "संगीता, चल नगरला. सोनाली, तूपण."

दुकानात त्या दिवशी शहरातल्या सायकल ग्रुपमधले एक साहेब बसले होते. अंगाला चिकटलेले भडक कपडे, पायात चकचकीत बूट, डोळ्यावर इंद्रधनुष्यी चष्मा. सोनालीनं फाटकी चप्पल काढून बाजूला ठेवली तशी त्यांनी आपली खुर्ची जरा सरकवली. मी बघितलं ते. आणि लगेच त्यांनी न विचारता ज्ञान सुरू केलं. "बिगिनरला स्वस्त बूट म्हणजे गुडघा गेलाच समजा. कार्बन सोल, डायल लॉक, याच्याखाली जाऊच नये. परवडत नसेल तर हा स्पोर्ट नाही, मॅडम."

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुमच्या बुटाचा तळवा कार्बनचा?"

"अर्थात."

"मग पोट का नाही गेलं अजून आत?"

दुकानदाराला हसू आवरेना. साहेब हेल्मेट उचलून निघून गेले. मग बाईंनी काय निवडलं ते मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून तर परवा मला दुकानात कुणी शेंडी लावू शकलं नाही. पेडलमध्ये अडकणारा खटका बुटाच्या तळव्याला तीन स्क्रूंनी बसणारा होता, म्हणून बूटही तळव्याला तीन भोकं असलेलाच हवा. कार्बन नको, जाड नायलॉनचा तळवा पुरे, फक्त हातानं वाकता कामा नये. फिरवायची डायल नको, कारण ती तुटली की गावात कुणी दुरुस्त करत नाही. चिकटपट्टीचे तीन पट्टे असले की झालं, खराब झाले तर शिंपीसुद्धा नवे शिवून देतो. मुलींच्या बुटांत सोनालीचा पाय मावेना. लहानपणापासून अनवाणी चाललेला पाय, पुढं पंख्यासारखा पसरलेला. दुकानदार म्हणाला, "एक नंबर मोठा घ्या." बाई कडाडल्या, "मोठा घेतला की टाच उचलते. रुंद दाखवा, लांब नाही!" शेवटी मागच्या हंगामातला, पुरुषांचा, रुंद, काळा, सात नंबरचा जोड निघाला. रंग जुना झाला म्हणून कोपऱ्यात पडला होता. सोनालीनं घातला, उभी राहिली, आणि मी त्या पोरीला पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं.

तळव्याला खटका कुठं बसवायचा, हा पुढचा प्रश्न. सरळ बसवला तर सोनालीचा डावा गुडघा दुखायला लागला. बाईंनी काय करावं? तिला घेऊन थेट कारखान्याच्या बैलतळावर गेल्या. हंगाम सुरू होता. तिथं बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारे एक म्हातारे नालबंद चाचा बसत. त्यांनी बूट बघितलाच नाही. सोनालीची जुनी चप्पल मागितली, उलटी केली. डावीची बाहेरची कड पार झिजलेली. "पोरगी डावा पाय बाहेर टाकून चालतीय. तुमी त्येला सरळ बांधला. बैलाला असं केलं तर बैल बसंल खाली." त्यांनी खडूनं बुटावर एक तिरकी रेघ मारून दिली. बाईंनी पर्समधून स्क्रू फिरवायची किल्ली काढली आणि तिथंच, शेणाच्या पाट्यांशेजारी, खटका त्या रेघेवर बसवला. दोन दिवसांत गुडघा दुखायचा राहिला. इतकं साधं. पण त्यासाठी कुणाच्या तरी झिजलेल्या चपलेकडं बघावं लागतं ना!

आता माझ्याकडं येते.

हे बूट घातले की पेडलमधून पाय सोडवायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. नव्या माणसाला थांबताना त्याचा विसर पडतो, आणि माणूस उभ्या सायकलीसकट आडवा होतो. प्रत्येकजण पडतो. सोनालीही पडली. एकदा शाळेच्या फाटकात, एकदा कालव्याच्या पुलावर, आणि तिसऱ्यांदा बाजारात, सगळ्यांसमोर. कोपर सोललं, गुडघा फुटला. कांताबाई काळजीनं शाळेत आल्या. बाई मैदानावर होत्या, मी फाटकाशी उभी. कांताबाईंनी विचारलं, "मॅडम, हे बूट घेतले तरी कवा?"

आणि मी, एवढी शिकलेली बाई, हसत हसत म्हणाले, "शनिवारी! मग काय कांताबाई, शनिमहाराज पाय धरणारच की!"

त्या हसल्या नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. शनिवारी चामड्याचं पायताण विकत घेऊ नये, हे त्यांना ठाऊक होतं. आणि एखादी वस्तू पनवती ठरली की शनिवारी शिंगणापूरला जाऊन सोडून यायची, म्हणजे पीडा तिच्याबरोबर जाते, हेही. पुढच्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला सोनाली रडत मैदानात आली. आई पहाटेच्या जीपनं गेली होती आणि बूट सोडून आली होती. चाचणीला आठ दिवस उरले होते.

 बाई माझ्या स्कूटीवर मागं बसल्या आणि म्हणाल्या, "शिंगणापूर." राहुरी गेली, सोनई आली. उसाचे ट्रॅक्टर, भाविकांच्या गाड्या, ऊन. मध्येच कधीतरी त्यांनी मागून विचारलं, "कांताला शनिवारचं सांगितलं कुणी?"

"मी. चेष्टेत."

 त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

देवस्थानाजवळ एका कडेला लोकांनी सोडलेल्या चपला-बुटांचा ढीग होता. बाई त्यात वाकून शोधायला लागल्या. येणारे-जाणारे थांबून बघू लागले. तेल विकणारी एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं ए बाई, हात नको लावू. दुसऱ्याची पीडा घरला नेशील."

"माझ्याच घरची आहे मावशी," बाई मान वर न करता म्हणाल्या.

बूट सापडले. तळव्याला हा एवढा खटका, त्यानं चार पावलं धड चालता येत नाही, मग ते उचलून न्यायचे कुणी? परत येताना बाई ते छातीशी धरून बसल्या होत्या.

पण कांताबाई ऐकेनात. मी हात जोडले, ती चेष्टा होती म्हणून दहादा सांगितलं. बाई तर सुरुवातीला चिडूनच बोलल्या, "अगं, चामड्याचेसुद्धा नाहीत ते, रेक्झिन आहे!" कांताबाईंनी मान हलवली. "बाई, तुमी चांगल्याच हायेत. पन सोडलेली वस्तू परत पोरीच्या पायात? न्हाई. उद्या ट्रॉलीखाली गेली तर तुमी आनून देनार हायेत का मला दुसरी?"

  मी बाहेर आल्यावर तणतणत होते, अंधश्रद्धा, अडाणीपणा, काय काय. बाईंनी मला तिथंच थांबवलं. "तू चेष्टा केलीस आणि घरी जाऊन जेवलीस. तिनं ती आठवडाभर पोटात ठेवली. आता तिला अडाणी म्हणू नकोस."

सोमवारी सकाळी बघते तर तेच बूट बाईंच्या पायात. पेडल काढून स्वतःच्या उंच सायकलला लावलेली. नंबर सातच ना! कांताबाईंच्या घरावरून त्या सकाळ-संध्याकाळ जायला लागल्या. कांताबाई दारात आल्या की ब्रेक लावून विचारायच्या, "कांता, पनवती कुणावर येते गं? बूट घालणाऱ्यावरच ना?"

"व्हय."

"मग आता ती माझ्यावर आहे. पोरीचा संबंध सुटला."

"आलेली दिसंल तवा खरं," कांताबाई म्हणायच्या आणि आत जायच्या.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. बाईंना काहीच होईना. शाळेतल्या काहींनी तर याची मजा करून टाकली. "आज आली का हो पनवती?" असं विचारून टाळ्या देत होते. त्यांच्या नोकऱ्या चालू, त्यांच्या पोरींच्या ॲडमिशन झालेल्या! सोनाली इकडं साध्या पेडलवर, साध्या बुटांत सराव करत होती, आणि तिचा पाय चढाला सटकत होता. सराव झाल्यावर ती कालव्याच्या कठड्यावर एकटीच बसून राहायची.

गुरुवारी संध्याकाळी मी स्कूटीवर बाईंच्या मागेच होते. कांताबाई अंगणात धुणं वाळत घालत होत्या. बाईंनी वेग कमी केला. मी स्पष्ट बघितलं. त्यांनी डावी टाच बाहेर फिरवली, पाय पेडलमधून सुटला, मोकळा झाला. खाली टेकवायचा, एवढंच राहिलं होतं. तो त्यांनी टेकवला नाही. सायकल हळूहळू डावीकडं कलली आणि बाई तशाच, झाड पडावं तशा, कांताबाईंच्या दारात आडव्या झाल्या. हात खाली आला. हाड मोडल्याचा आवाज मला स्कूटी चालू असताना ऐकू आला.

आम्ही दोघी धावलो. बाईंचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मनगट नको तिकडं वळलेलं. त्यांनी कांताबाईंचा पदर दुसऱ्या हातानं धरला आणि म्हणाल्या, "बघ. आली की नाही? आली आणि माझ्यावरून गेली. आता संपली. संपली ना?"

कांताबाईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "संपली."

दवाखान्यात प्लॅस्टर घालून झाल्यावर मी बाईंना विचारलं, "मुद्दाम पडलात ना? माझ्यासमोर खोटं बोलू नका."

"प्लॅस्टर ओलं आहे. डॉक्टरांनी जास्त बोलू नको म्हणून सांगितलंय."

"मनगटाचं प्लॅस्टर आहे ते, जिभेचं नाही!"

त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. चाळीस वर्षं न पडलेली बाई! मला इतका संताप आला होता, की रडूच फुटलं. कुणावर येत होता तो संताप? पत्रं लिहिणाऱ्या संस्थेवर, त्या चष्मेवाल्या साहेबांवर, टाळ्या देणाऱ्यांवर. आणि एका फाटकाशी उभं राहून हसणाऱ्या माझ्यावर.

रविवारी सोनाली ते बूट घालून चाचणीला बसली. बाई हात गळ्यात अडकवून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि नेहमीसारख्या ओरडत होत्या. दोन आठवड्यांनी यादी लागली. सोनालीचं नाव होतं. बाई म्हणाल्या, "बरं."

मग शाळेत सत्कार. फाटकावर मोठा फ्लेक्स, त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा हा एवढा फोटो, कोपऱ्यात सोनालीचा टिकलीएवढा. खाली लिहिलेलं, 'संस्थेच्या अनमोल सहकार्याने'. भाषणात मुख्याध्यापकांनी सांगितलं की संस्था खेळाडूंना काहीही कमी पडू देत नाही. निमसे बाईंचं नाव आभारात आलं, तेही मांडववाल्यानंतर. मी उठून बोलणार होते. बाईंनी चांगल्या हातानं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "पोरीचा दिवस आहे," म्हणाल्या. त्या दिवशी मी गप्प बसले याचीही मला चीड आहे.

सोनाली जायला निघाली तेव्हा राहुरीच्या स्टँडवर आम्ही तिघी पोचवायला गेलो. बाईंचं प्लॅस्टर अजून निघालेलं नव्हतं. कंडक्टर सायकल टपावर घेईना. "लगेजचा नियम नाही," म्हणे. झालं! बाईंचा आवाज चढला. "नियम दाखवा! कोंबड्या चालतात, खताच्या गोणी चालतात, आणि जिल्ह्याची खेळाडू चालत नाही?" अर्धा स्टँड गोळा झाला.

मी आणि कांताबाई खांबाशी उभ्या होतो. कांताबाई बाईंकडं बघत हळूच म्हणाल्या, "मॅडम, बाई मुद्दामच पडल्या व्हत्या."

मी चमकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी सांगाया कशाला पायजे? मी म्होरंच हुते की. पाय सुटलेला दिसला मला."

"मग तुम्ही 'संपली' का म्हणालात?"

"काय म्हनायचं व्हतं? माझ्या पोरीपायी त्या बाईनं हाड मोडून घेतलं. आनखी काय मागू तिला?"

शेवटी सायकल टपावर चढली. गाडी हलली. खिडकीतून सोनालीचा हात दिसेनासा झाला तरी बाई कंडक्टरच्या नावानं बोलतच आमच्याकडं आल्या. एका पायातल्या सँडलचा पट्टा सुटून फरफटत होता. एका हातानं तो लावता येत नसणार. किती दिवस तशाच चालत होत्या कुणास ठाऊक, आणि मी रोज त्यांच्याबरोबर असून बघितलं नव्हतं.

कांताबाई खाली वाकल्या. बाई दचकून दोन पावलं मागं सरल्या. "ए कांता, पाया बिया पडायचं नाही हं! मला चालत नाही ते!"

"पाया कोन पडतंय? पट्टा सुटलाय तुमचा. उभ्या ऱ्हावा गुमान."

आणि बाई उभ्या राहिल्या. भर स्टँडवर, डोळे मिटून. कांताबाईंनी त्यांचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, तळव्याची धूळ पदरानं पुसली आणि पट्टा लावून दिला.